विश्लेषण : कॉलमच्या रिंगेला आणखी ४५ अंश का हवेत?

उस्मानपुऱ्यात बैठ्या घरांच्या जागी खाली पार्किंग आणि वर चार-पाच मजले, अशा इमारती उभ्या राहत आहेत. सगळा भार खालच्या उघड्या कॉलमवर. फ्लॅट घेणारा टाइल्स पाहतो, लिफ्ट पाहतो. कॉलमची रिंग वाकवताना फिटरने हात कुठे थांबवला, हे कोणी विचारत नाही. भूकंपात इमारतीचा निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो.

रिंग नेमके काय करते?

दाब आला की काँक्रीट बाजूने फुगते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळून धरते, तशी रिंग त्याला धरून ठेवते. जोराच्या हादऱ्यांत कॉलमचा बाहेरचा थर गळून पडतो. रिंगेचे टोक ९० अंशांतच वाकवले असेल तर ते याच थरात असते. थर गेला की टोक उघडते, उभ्या सळया बाहेर वाकतात आणि मजला खाली बसतो. १३५ अंशांत वाकवलेले टोक आतल्या गाभ्यात रुतून राहते. फरक ४५ अंशांचा आणि थोड्याशा सळईचा.

हे कसे कळले?

यामागे जगभरातल्या प्रयोगशाळांचे काम आहे. त्यात न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील दोघांचे नाव अग्रभागी येते. रॉबर्ट पार्क फिजीत जन्मलेले. थॉमस पॉले हंगेरीच्या घोडदळातले अधिकारी, देश सोडून आलेले. कॉलम, बीम आणि त्यांचे सांधे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दोन्ही बाजूंनी वाकवून ते कसे मोडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. १९७५ मध्ये दोघांचे पुस्तक आले. इमारत मोडणारच नाही असे गृहीत धरू नका, आधी काय वाकायचे ते तुम्हीच ठरवा, हा त्यांच्या विचाराचा गाभा. घरातला फ्यूज जातो आणि वायरिंग वाचते, तसे आधी बीमने वाकावे, कॉलमने उभे राहावे.

आपल्याकडे नियम काय?

‘आयएस १३९२०’ हे मानक १९९३ चे. १३५ अंशांचा हूक त्यात आहे. २०१६ च्या आवृत्तीने आणखी एक अट घातली. सांध्यावर कॉलमची वाकण्याला तोंड देण्याची एकत्रित ताकद बीमच्या किमान १.४ पट हवी. मात्र हे मानक झोन ३, ४ आणि ५ मध्ये बंधनकारक, झोन २ मध्ये ऐच्छिक ठेवले गेले. २०१६ च्या नकाशात आपले शहर झोन २ मध्ये होते. आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द बांधकामाच्या जागेवर ‘नको’ असाच वाचला जातो.

नकाशावर किती विसंबायचे, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार माणसे गेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. तिथली घरे दगड-मातीची होती, हे खरे. पण काँक्रीटचा धडा २००१ मध्ये मिळाला. भूकंपाचे केंद्र भूजकडे, तरी दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारती कोसळल्या.

मग करायचे काय?

महापालिकेने झोनची वाट न पाहता बांधकाम परवानगीत १३५ अंशांच्या हूकची अट घालावी. तपासणीला माणसे नाहीत, हे उत्तर इथे चालणार नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उस्मानपुऱ्यातच आहे, त्याच्या स्थापत्य विभागाची मदत मागता येईल. पाहणी मात्र काँक्रीट ओतण्याआधी व्हायला हवी. नवा फ्लॅट घेणाऱ्यांनी त्या टप्प्यावरचे रिंगांचे फोटो बिल्डरकडे मागावेत. उभ्या इमारतींच्या रिंगा आता सहज दिसणार नाहीत. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून कॉलमला बाहेरून जॅकेटिंग करणे किंवा पार्किंगमध्ये योग्य जागी काँक्रीटच्या भिंती घालणे हाच मार्ग उरतो, आणि तो खर्च सोसायटीला पेलावा लागतो.