विश्लेषण : रूट कॅनालनंतर कमकुवत झालेला दात कसा वाचवायचा?

दाढेचा ठणका थांबला की रुग्ण सहसा दवाखान्याची पायरी पुन्हा चढत नाही. नस काढली, दुखणे गेले, मग ‘कॅप’चा खर्च कशाला, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. पुढे कधीतरी घास चावताना तीच दाढ दुभंगते आणि रूट कॅनालवर केलेला खर्चही वाया जातो. हे टाळता येते. त्यासाठी उपचाराचा उत्तरार्ध समजून घ्यायला हवा.

रूट कॅनालमुळे दात ठिसूळ होतो का?

नस काढल्याने दात वाळतो आणि म्हणून तुटतो, हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. दात कमकुवत होतो तो त्याचा भाग कमी झाल्याने. काढलेल्या उपदाढांवर १९८९ मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात केवळ रूट कॅनालच्या प्रक्रियेमुळे दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्केच घटला. मात्र, शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन्ही बाजूंच्या कडा गेल्यावर ही घट सुमारे ६३ टक्क्यांवर पोहोचली. म्हणजे खरे नुकसान बहुतेकदा किडीने आधीच केलेले असते. मुळातील नलिका गरजेपेक्षा जास्त रुंद केल्यास त्यात भर पडते.

कॅप किती आवश्यक?

चावण्याचा सर्वाधिक भार मागच्या दातांवर येतो. म्हणून दाढा आणि उपदाढांना रूट कॅनालनंतर चावण्याचा पूर्ण पृष्ठभाग झाकणारे आवरण सहसा लागते. अमेरिकेतील २००२ च्या एका अभ्यासात कॅप न बसवलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप असलेल्या दातांच्या सहापट आढळले. पुढच्या दाताचा थोडाच भाग गेला असेल, तर मात्र दाताच्या रंगाचे सिमेंट भरूनही भागू शकते. कॅपचा दुसरा फायदा म्हणजे वरून होणारी गळती रोखणे. तात्पुरते सिमेंट झिजले की लाळेतील जिवाणू पुन्हा मुळात शिरतात.

‘पोस्ट’ घातल्याने मूळ मजबूत होते?

नाही. दाताचा वरचा भाग फारच कमी उरला असेल, तर मुळात एक बारीक दांडी बसवतात. तीच पोस्ट. तिचे काम वर बांधलेल्या गाभ्याला धरून ठेवण्याचे, मुळाला बळ देण्याचे नव्हे. उलट तिच्यासाठी मूळ जास्त कोरले तर ते आणखी अशक्त होते. मुळाच्या टोकाशी किमान ४ ते ५ मिलिमीटर भरण राखावे लागते, अन्यथा तेथील बंदिस्तपणा जातो. धातूची पोस्ट दातापेक्षा कितीतरी ताठ असते. तिच्यावर ताण आला तर मूळच उभे चिरण्याची भीती राहते आणि असा दात बहुधा काढावाच लागतो. फायबरची पोस्ट दाताच्या लवचीकतेच्या जवळ जाणारी असते. ती निसटण्याची शक्यता असते, पण निसटलेली पोस्ट अनेकदा पुन्हा बसवता येते.

मग दात कशावर टिकतो?

हिरडीच्या वर उरलेल्या निरोगी भागावर. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तशी कॅपने दाताला चहूबाजूंनी मिठी मारायला हवी. त्यासाठी सुमारे २ मिलिमीटर उंचीची दाताची कड लागते. दंतवैद्यकात तिला ‘फेरुल’ म्हणतात. ती नसेल तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करून किंवा तारेने दात किंचित वर ओढून ती मिळवता येते. तेही शक्य नसेल, तर दात काढण्याचा सल्ला मान्य करणे शहाणपणाचे ठरते.

लहान मुलांचे दात वेगळे का?

सात-आठ वर्षांचे मूल पडले आणि पुढच्या कायमच्या दाताची नस मेली, तर मुळाची वाढ तिथेच थांबते. भिंती पातळ आणि टोक उघडेच राहते. पूर्वी अशा दातात महिनोन् महिने कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवत. पण त्याच्या दीर्घ वापराने मूळ ठिसूळ होते, असे प्रयोगांत दिसले. आता १९९० च्या दशकात आलेल्या ‘एमटीए’ या सिमेंटने टोक लवकर बंद करता येते. मुळाच्या टोकापलीकडून रक्त नलिकेत आणून नव्या ऊतींना वाढू देण्याची पद्धतही २००० नंतर रुजली. तीत काही मुळांच्या भिंती जाड झाल्या, मात्र प्रत्येक दातात तसे घडेलच याची खात्री नसते.

काय बदलायला हवे?

रूट कॅनाल आणि कॅप हे दोन वेगळे उपचार नव्हेत, एकाच उपचाराचे दोन टप्पे आहेत. त्यामुळे दोन्हींचा एकत्रित खर्च आणि दात टिकण्याची शक्यता डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवी. बहुतेक आरोग्य विम्यांत असे दंतोपचार येत नाहीत, म्हणून हा आकडा आधी कळणे महत्त्वाचे. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांचा पर्याय आहे. रुग्णानेही दोन प्रश्न विचारावेत : दाताचा किती भाग उरला आहे? आणि कॅप कधी बसवायची? दुखणे थांबले म्हणजे दात वाचला असे नव्हे.