हेडली आमच्या हाती का नाही?
डेव्हिड हेडली हा अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा एकेकाळचा खबऱ्या. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यासाठी त्यानेच गेटवेवरून होडीने फिरून किनाऱ्याचे चित्रण केले, कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ दहशतवाद्यांना उतरायची जागा हेरली. त्याच्या दोन पत्नींनी अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याच्याविषयी आधीच सावध केले होते. तरी २६/११ घडले, १६६ माणसे गेली. पुढे गुन्हा कबूल करून त्याने फाशी टाळली, भारताच्या ताब्यात न जाण्याची हमीही मिळवली. २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याची साक्ष घेतली, तीही पडद्यावर! २०२५ मध्ये त्याचा साथीदार तहव्वूर राणा भारताला मिळाला, हे चांगलेच झाले. पण वॉशिंग्टनच्या शब्दावर विसंबणाऱ्या दिल्लीने आधी विचारावे : हेडलीबद्दल तुम्हाला काय, केव्हा ठाऊक होते?