प्रत उघडून पाहा!

घाटकोपरशेजारच्या विद्याविहारात ‘फ्रापे’ कंपनी आहे. तिची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही हिशेबाची प्रणाली सर्वांना खुली. आणि हिशेब साठतात ‘मारियाडीबी’ या तशाच खुल्या डेटाबेसमध्ये. कोठार फुकट मिळाले, तरी राखण आपलीच!

परदेशी ‘गिटलॅब’ कंपनीचा डेटाबेसही खुला, ‘पोस्टग्रेस’. जानेवारी २०१७ अखेर तिथल्या माणसाने तो चुकून पुसला. राखीव प्रतींच्या पाच तजविजी. ऐन वेळी एकही धड कामी येईना! दुसऱ्याच कामासाठी काढलेली सहा तासांपूर्वीची प्रत सापडली, म्हणून निभावले.

तेव्हा मंडळी, हिशेब सोसायटीचा असो की दुकानाचा, रोज प्रत काढाच. पण महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडूनही पाहा. लोणच्याला बुरशी आल्याचे पाहुणे पानावर बसल्यावर कळून काय उपयोग?