वरच्या ‘सा’च्या वर काय?

‘सारेगमप लिटल चॅम्प्स’मध्ये गुण आकड्यांत मिळत नसत, स्वरांत मिळत. स्वर जसा चढेल तसे गुण चढत. ‘ध’ म्हणजे चांगलं, ‘नी’ म्हणजे उत्तम. कल्पना सुरेख होती. गाण्याच्या स्पर्धेचं माप गाण्यातूनच घेतलेलं होतं. पण २००८ मध्ये सुरू झालेलं ते पर्व रंगत गेलं, तसा ‘नी’ अपुरा पडू लागला. मग ‘वरचा सा’ आला. माप पुरेना, म्हणून मापच वाढवलं गेलं. त्या पर्वाबद्दल, आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक गाण्याच्या स्पर्धांबद्दल, माझी तक्रार एवढ्या एका गोष्टीत सामावली आहे.

तक्रार मुलांबद्दल मुळीच नाही. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत आणि मुग्धा वैशंपायन ही पाच मुलं महाराष्ट्रानं घरातली मानली. त्यांना ऐकायला लोक कामं उरकून बसत. ती गातही तशीच होती. पण पाचही जणांचं गाणं एकसारखं नव्हतं, आणि त्यांच्या उणिवा तर अजिबात एकसारख्या नव्हत्या.

कार्तिकी आळंदीची. गळा खुला, भजनाच्या संस्कारात वाढलेला. शब्द ठासून म्हणायची. गवळण किंवा अभंग सुरू केला की पहिल्या ओळीतच बैठक जमायची. भावगीताला मात्र आवाज थोडा आत ओढून घ्यावा लागतो, शब्दाला हळूच हात लावावा लागतो. तिथे ती अवघडायची. आर्याला सूर शोधावा लागत नसे, तोंड उघडताच तो लागायचा. हरकत स्वच्छ, दम पुरेसा. पण कधी कधी गाण्यापेक्षा चूक न होण्याची काळजीच जास्त ऐकू यायची. प्रथमेश कोकणातल्या आरवलीचा. नाट्यगीतात त्याचा ठहराव थक्क करणारा होता. त्या वयात ताना घ्यायची घाई होते, ती त्याला नव्हती. हिंदी चित्रपटगीत हाती आलं की मात्र शब्द जड व्हायचे. लातूरच्या रोहितनं मंच असा काही व्यापला की त्याच्यानंतर गाणाऱ्याला कठीण जायचं. पण जोर ओळीच्या सुरुवातीला इतका खर्च व्हायचा की ओळीचा शेवट सुटायचा. मुग्धा सगळ्यांत लहान. ताल पक्का, पाठांतर चोख, धीटपणा तर विचारायलाच नको. पण तिचा आवाज अजून घडायचा होता. चौदा वर्षांच्या मुलांबरोबर तिला एकाच मापानं मोजणं हे तिच्यावरही अन्यायाचं होतं आणि त्यांच्यावरही.

ही एका प्रेक्षकाची मतं आहेत. कुणाला पटतील, कुणाला नाही. आर्याच्या गाण्यात मला ऐकू आलेली काळजी दुसऱ्याला शिस्त वाटली असेल. हरकत नाही. मतभेद व्हायला आधी फरक मान्य असावा लागतो. परीक्षकांच्या गुणांत तो फरकच दिसेनासा झाला. गवळणीलाही ‘नी’, नाट्यगीतालाही ‘नी’, आणि त्याहून आवडलं तर त्याच्याही वर. परीक्षक अवधूत गुप्ते यांचं ‘तोडलंस मित्रा’ घराघरांत पोचलं. नेमकं काय जमलं आणि काय राहिलं, हे तितकं पोचलं नाही. गुप्ते आणि दुसऱ्या परीक्षक वैशाली सामंत दोघंही जाणकार. दोघांनाही उतरलेला सूर ऐकू येतो. तो ऐकू येऊनही बोलण्यात येत नव्हता, हा मुद्दा आहे.

याचे परिणाम दोन झाले.

पहिला परिणाम निकालावर झाला. पाचही मुलं महाअंतिम फेरीत गेली. ज्या मापावर सगळेच शेवटच्या रेघेला टेकले आहेत, त्या मापानं निवड करता येत नाही. मग निवड एसएमएसवर गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली आणि दुसऱ्या दिवशी गावोगाव वाद सुरू झाला. आर्या हवी होती, प्रथमेशवर अन्याय झाला, मतं अमुक भागातून जास्त पडली. माझ्या मते कार्तिकीचं जिंकणं गैर नव्हतं. खुल्या गळ्याचं, लोकांच्या ओठांवरचं गाणं ती ज्या तडफेनं गायली, त्याला दाद मिळणं स्वाभाविक होतं. पण तिचा विजय गाण्याच्या भाषेत समजावून सांगायला कुणाकडे काहीच उरलं नव्हतं. गुणांनी काही सांगितलंच नव्हतं. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलीला विजयाबरोबर शंकाही घरी न्यावी लागली. तिचं कौतुक करण्यात कुणी कमी पडलं नव्हतं. तिच्या बाजूनं कारण देण्यात सगळे कमी पडले.

दुसरा परिणाम गाण्यावर झाला, आणि तो जास्त खोल आहे. गुण स्वरांच्या चढणीवर बेतले की चढणं म्हणजेच चांगलं गाणं, असा समज पसरतो. संगीतात तसं काही नाही. नेमका लागलेला गंधार हा हुकलेल्या निषादापेक्षा केव्हाही मोठा. पण स्पर्धा पाहून मोठी झालेली मुलं गाणं निवडतात ते तार सप्तकात जाणारं. मूळ गाण्यात नसलेली तान शेवटी जोडतात. टाळी कुठे पडते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मंद्रातली शांत ओळ, शब्दाशी थांबणं, दोन ओळींमधला श्वास, यांना टाळी पडत नाही आणि गुणही मिळत नाहीत. मग ते शिकायचं कशाला, असं एखाद्या मुलानं विचारलं तर त्याला दोष देता येणार नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं. लहान मुलं आहेत, त्यांचं मन मोडायचं का?

प्रश्न खोटा नाही. २००८ मध्येच कोलकात्यातल्या एका मुलीची बातमी देशभर गाजली होती. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेत परीक्षकांनी टोचून बोलल्यानंतर तिची वाचा गेल्याचं तिच्या घरच्यांनी सांगितलं होतं. कॅमेऱ्यासमोर मुलाचा पाणउतारा करणं हा क्रूरपणा आहे, त्याची बाजू कुणी घेऊ नये. पण पाणउतारा आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तुला गाता येत नाही’ हा पाणउतारा. ‘अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत तुझा गंधार उतरतोय, तेवढी ओळ पेटीवर पुन्हा म्हण’ ही दुरुस्ती. पहिल्यानं मूल खचतं. दुसऱ्यानं ते पुढच्या खेपेला ती ओळ नीट म्हणतं. दुसरं वाक्य बोलायला दहा सेकंद पुरतात.

ही मुलं दुरुस्तीला घाबरणारी नव्हतीच. कार्तिकीचे गुरू तिचे वडील, कल्याणजी गायकवाड. आर्याची गुरू तिची आई, श्रुती आंबेकर. ज्या मुलांचे गुरू घरातच असतात, त्यांना चुकलेली जागा कुणी सोडून देत नाही. तीच ओळ वीस वेळा म्हणायला लावतात. रियाज म्हणजे रोज चूक ऐकून घेणं. त्या चुका ऐकून घेतल्या म्हणूनच ही मुलं त्या मंचापर्यंत आली. घरी जे ती रोज सोसत होती, ते मंचावर त्यांना सोसणार नाही असं मानणं म्हणजे त्यांच्या शिक्षणाचा मान न राखणं. शागीर्द म्हणून घडलेल्या मुलांना मंचानं फक्त लाडकं लेकरू केलं.

साथसंगतीचाही यात संबंध आहे. कमलेश भडकमकर यांच्या संयोजनाखालचा तो वाद्यवृंद उत्तम होता. अमर ओक यांची बासरी, सत्यजीत प्रभू यांचा कीबोर्ड, नीलेश परब यांचा ढोलक यांसाठीही लोक कार्यक्रम लावत. असा मेळ मागे असला की गाणाऱ्याची निसटती जागा सावरली जाते. स्वर डळमळला तर वाद्य तो हलकेच पुढे ठेवतं, लय ओढली गेली तर ठेका तिला धरून आणतो. साथीदाराचा धर्मच तो. पण साथीनं झाकलेलं परीक्षकानं उघडून दाखवायचं असतं. दोघांनीही झाकलं, तर मुलाला स्वतःची चूक कळणार कधी? घरी बसलेल्या प्रेक्षकाला तर ती कळतच नाही. गोड लागलं, एवढंच त्याच्या हाती उरतं.

आता हे सारं जुनं झालं, असं म्हणायची सोय नाही. मे २०२१ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या पर्वात किशोरकुमार यांच्या गाण्यांचा भाग झाला. पाहुणे म्हणून त्यांचे पुत्र अमितकुमार बसले होते. त्यांनी सगळ्यांची तारीफ केली. नंतर मुलाखतीत त्यांनी सांगून टाकलं की तो भाग त्यांना आवडला नव्हता आणि सगळ्यांची स्तुती करा असं त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं. गदारोळ झाला तो त्यांनी असं बोलावं का, यावर. खरा प्रश्न वेगळा होता. त्या दिवशी जी मुलं गायली, त्यांना किशोरकुमारांच्या मुलाकडून एक खरं वाक्य ऐकायला मिळालं असतं, तर त्यांचं भलं झालं असतं की नुकसान? वडिलांचं गाणं ज्यानं घरात ऐकलं, तो माणूस समोर बसलेला. त्याच्याकडून शिकण्यासारखं केवढं तरी होतं. ती संधी त्या मुलांच्या हातून काढून घेतली गेली. त्याच पर्वात आपली सायली कांबळेही होती. तिच्या आवाजाची ताकद कुणी नाकारली नाही. पण ताकदीला वळण कुठे हवं, हे सांगणारी वाक्यं मला त्या मंचावर क्वचितच ऐकू आली.

त्याच वर्षी मराठी ‘लिटल चॅम्प्स’ पुन्हा सुरू झालं. परीक्षकांच्या खुर्चीत आता तीच पाच मुलं होती, मोठी झालेली. निवड योग्य होती. त्या मंचावर उभं राहताना पोटात काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? माझी अपेक्षा म्हणूनच जास्त होती. प्रथमेशनं एखाद्या मुलाला थांबवून अभंगातली जागा कशी घ्यायची ते गाऊन दाखवावं. आर्यानं स्वरलगाव समजावावा. रोहितनं सांगावं की ओळीचा शेवट कसा सांभाळायचा, कारण ते तो पुढे स्वतः शिकला आणि ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उपविजेतेपदापर्यंत गेला. तसं अधूनमधून घडलंही. पण बहुतेक वेळा कौतुकच पुढे होतं आणि दुरुस्ती मागे. त्यांचाही इलाज नसावा. ज्या मंचावर त्यांना फक्त कौतुक मिळालं, त्या मंचावर परीक्षक काय करतो हे त्यांनी तेवढंच पाहिलं होतं.

वाहिन्यांना यात तोटा दिसतो. परीक्षकानं चूक दाखवली तर करमणूक कमी होईल, मूल रडेल, प्रेक्षक तुटेल. मला तसं वाटत नाही. सुधारणा पाहण्यात प्रेक्षकाला जो आनंद असतो, तो स्तुती ऐकण्यात नसतो. चौथ्या आठवड्यात हुकलेली जागा सातव्या आठवड्यात बरोबर लागली, हे ज्या घरात कळेल, त्या घरात त्या मुलावरचा जीव वाढेलच. शिवाय त्या घरातलं एखादं मूल ऐकता ऐकता गंधार म्हणजे काय ते शिकेल. कौतुकानं चाहते मिळतात. दुरुस्तीनं श्रोते तयार होतात, आणि गाणाऱ्याला आयुष्यभर पुरतात ते श्रोते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक गाण्यानंतर परीक्षकानं एक ठोस वाक्य बोलावं. कोणत्या ओळीत, कोणता स्वर, कोणता शब्द, कोणती मात्रा. ते वाक्य संकलनात कापू नये. शक्य असेल तिथे ती ओळ त्याच मुलाकडून तिथेच पुन्हा म्हणून घ्यावी. आणि ‘नी’ला शेवटचा गुण राहू द्यावा. पर्वात तो कुणालाच मिळाला नाही तरी चालेल. त्याच्यापर्यंत पोचायची वाट मोकळी असली पाहिजे, त्याच्यावर मजले चढवायचं कारण नाही.

वाचकांनाही एक सांगणं आहे. पुढच्या स्पर्धेत आवडत्या मुलाला जरूर मत द्या. पण मत देण्याआधी स्वतःला विचारा, याचं काय चुकतंय? उत्तर देता येत नसेल, तर तुम्ही त्याचं गाणं अजून नीट ऐकलेलं नाही.