रानात चालेल तोच फोन खरा

१९ सप्टेंबर २०२५ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात नव्या आयफोनसाठी रांगा लागल्या, धक्काबुक्कीही झाली. आयफोन १७ ची किंमत ८२,९०० रुपयांपासून. त्याच कंपनीचे बिनवायरचे नवे इअरफोन २५,९०० रुपयांना. वाचकहो, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कितीक घरे सोयाबीनवर चालतात. त्याच मापाने मोजू. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे कानातली ती जोडी जवळपास पाच क्विंटलांना पडली, तीही हमीभाव हाती आला तर!

हौसेला मोल नसते, कबूल. पण २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्यालाच मोबाईलवर, शेतात उभे राहून करावी लागते. तेव्हा पोरांनो, कॅमेऱ्याचे आकडे जरूर विचारा. पण बांधावर रेंज धरतो का, उन्हात स्क्रीन दिसते का, दुरुस्ती चिखली-मेहकरला होते का, हेही विचारा. बिनवायरच्या इअरफोनची बॅटरी बसली की सहसा जोडीच नवी घ्यावी लागते. पक्के बिल घ्या. दुकानदाराने हात वर केले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा.

नवा माल बाजारात केव्हाही येईल. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच येतो.