काचेला घाई चालत नाही

अमेरिकेत शेवरोले कंपनीने १९५५ ते १९५७ या मॉडेल-वर्षांत ‘नोमॅड’ ही दोन दारांची स्टेशन वॅगन काढली. मागच्या झडपेवर सात उभ्या चकचकीत पट्ट्या, ही तिची ओळख. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून तिची २५ पट लहान प्रतिकृती बनवतात. सुमारे २०० इंचांची गाडी ८ इंचांत मावते!

मात्र जपावे काचेला. प्लॅस्टिक जोडण्याचे सोल्यूशन प्लॅस्टिक वितळवूनच चिकटते. काचेवर थेंब सांडला, तर आठवडाभराची मेहनत धूसर होते. म्हणून आधी रंग द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, मग फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने काचा बसवाव्यात. तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

मुलांना एवढेच सांगा : थांबणे हेही कामच आहे.