सोबतीच्या श्रमाचे मोल

मेंदूतील गाठीचा उपचार शस्त्रक्रियेपाशी संपत नाही. ग्लायोब्लास्टोमासारख्या घातक गाठीत शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, किरणोपचार घ्यावे लागतात. त्यांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध रोज असते, आणि पुढेही अठ्ठावीस दिवसांच्या चक्राने साधारण सहा महिने ते चालते. २००५ नंतर जगभर रूढ झालेला हा क्रम आहे. या काळात रुग्णाला झटके येऊ शकतात, शब्द सापडेनासे होतात, स्मरण ढळते, प्रसंगी स्वभावही पालटतो. औषध घेतले की नाही हे ज्याला आठवत नाही, त्याला ते देणारे दुसरे माणूस हवेच. म्हणजे येथे सोबत ही मायेची बाब तर खरीच, परंतु ती उपचाराचाही भाग आहे.

जामनेर तालुक्यातील पहूरच्या एखाद्या शेतमजूर कुटुंबाचा या दृष्टीने विचार करावा. पतीचा उपचार मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात ठरला, तर पत्नीला त्याच्यासह दीड महिना परमुलखात काढावा लागतो. पहूरवरून जाणारी पाचोरा-जामनेर ही गरिबांची छोटी गाडीही २०२० च्या टाळेबंदीत थांबली. रोजचा किरणोपचार काही मिनिटांचा; परंतु त्यापायी एकाची मजुरी आजाराने बुडते आणि दुसरीची सोबतीने. घर मात्र दोघांच्या मजुरीवर उभे असते.

२०१२ साली सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतीराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या राज्याच्या आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च मिळू शकतो. रेल्वे कर्करुग्णाला शयनयानात पूर्ण आणि त्याच्या एका सोबत्याला पाऊणपट सवलत देते. याचा अर्थ, सोबतीची गरज शासनाला प्रवासापुरती मान्य आहे. गाडीतून उतरताच मात्र ते सोबत्याला विसरते. कामगार विम्यातील आजारपणाचा भत्ता आजारी कामगारालाच मिळतो. शेतमजुराच्या घरी तर तोही पोहोचत नाही.

घरच्या माणसाच्या सेवेची मजुरी कसली मागायची, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु मागणी मायेच्या मोबदल्याची नसून बुडालेल्या रोजगाराच्या भरपाईची आहे. सेवा हा स्त्रीचा धर्म मानून तिचे श्रम फुकट वापरणारी व्यवस्थाच या आक्षेपामागे बोलत असते. कामाच्या हक्काला १९७७ साली रोजगार हमीच्या कायद्याचे रूप देणाऱ्या महाराष्ट्राला हे तत्त्व परके नाही.

म्हणून किरणोपचाराच्या काळात एका सोबत्याला किमान वेतनाच्या दराने भत्ता मिळावा आणि रुग्णालयाजवळ निवारा हक्काने मिळावा. गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळांनी मुंबईत रुग्ण आणि नातलग यांना आधार दिला. परंतु धर्मशाळेची पुण्याई ही शासनाच्या कर्तव्याची पळवाट होऊ नये. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील अशा कुटुंबांच्या बुडालेल्या दिवसांची नोंद करावी आणि ग्रामसभेतून ही मागणी पुढे रेटावी.